राजाचं डोकं आणि रयतेची जीभ

नाशिक रोड स्टेशनातून बाहेर या. "शालिमार, सीबीएस, द्वारका" असं ओरडणाऱ्या रिक्षावाल्यांकडे आज लक्ष देऊ नका. तुम्हाला जायचंय ते १९२८ सालात, आणि तिथलं भाडं त्यांना ठाऊक नाही. स्टेशनाबाहेर नाशिक गावात जाणारी घोड्यांची ट्राम उभी आहे. घोडे शेपटीनं माश्या वारताहेत आणि ट्रामवाला मुंबईच्या गाडीची वाट बघतोय. तुम्ही मात्र चालत निघा. वस्ती संपते तिथे नवा सरकारी छापखाना उभा राहिलाय. लोक त्याला नुसतं 'प्रेस' म्हणतात, आणि शंभर वर्षांनीही तेच म्हणणार आहेत.

फाटकावर झडती आहे. आत जाणाऱ्यापेक्षा बाहेर येणाऱ्याची जास्त कडक. तुमचा अजून जन्मच झालेला नसल्यामुळे पहारेकऱ्याला तुम्ही दिसत नाही. सरळ आत जा.

शाईचा आणि गोंदाचा वास. लांब टेबलांवर टपाल तिकिटांचे ताव पसरलेत. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून, डे ला रू कंपनीकडून छापून यायची. आता ती इथेच निघतात. एक ताव उचलून उजेडाकडे धरा. कागदाच्या अंगात बारीक बारीक तारे दिसतील, तो वॉटरमार्क. आता ताव खाली घ्या. चॉकलेटी रंगाचं एक आण्याचं तिकीट, आणि त्यावर मुकुट घातलेला पंचम जॉर्ज, डावीकडे तोंड करून. पुढच्या टेबलावर याच तिकिटांवर दुसऱ्यांदा छपाई चाललीय. काळ्या शाईत वर रोमन अक्षरांत ग्वाल्हेरचं नाव आणि खाली देवनागरीत 'गवालियर'. शिंद्यांच्या संस्थानातल्या टपालकचेरीत ही तिकिटं विकली जातील.

एका आण्यात दोन राजे! चेहरा लंडनच्या राजाचा, नाव ग्वाल्हेरच्या दरबाराचं. ग्वाल्हेरच्या गादीवर बसलेले जिवाजीराव यंदा जेमतेम बारा वर्षांचे आहेत. कारभार रीजन्सी कौन्सिल बघतं. त्यांचे वडील माधवराव १९२५ मध्ये वारले. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांना मद्य आणि सिगार पोचवणारी चांदीची आगगाडी ते मागे ठेवून गेलेत. ती कुणाच्या पैशानं आली, असा प्रश्न ग्वाल्हेरच्या रयतेला कुणी विचारत नाही. रयतेनं तिकीट जिभेला लावून पाकिटावर चिकटवायचं. तिकिटावर डोकं राजाचं, मागून फिरणारी जीभ रयतेची.

तरी अगदीच हिशोब नव्हता असं नाही. मराठी दरबारांत एक जुना शब्द होता, 'खासगी'. होळकरांकडे दौलतीचा जमाखर्च वेगळा आणि खासगीचा वेगळा. अहिल्याबाईंचे घाट, देवळं, अन्नछत्रं खासगीतून होत. दौलतीच्या तिजोरीला त्या हात लावत नसत असं अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल बघताना हे आठवतंच. पण खासगीची गावं सारा भरतच होती ना? खातं वेगळं होतं, कुणबी वेगळा नव्हता.

आणि राजाचं राज्य घेऊन त्याला वर्षासन द्यायचं, ही युक्तीही काँग्रेसनं किंवा सरदार पटेलांनी शोधलेली नाही. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमपुढे शस्त्र ठेवलं आणि कंपनीनं त्याला सालाना ८ लाख रुपये बांधून दिले. तो बिठूरला गंगाकाठी तेहेतीस वर्षं जगला. एवढा जगेल असं कंपनीला वाटलं नसावं. १८५१ मध्ये तो गेला, दत्तक मुलगा नानासाहेबांनी तेच वर्षासन मागितलं, कंपनीनं नाही म्हटलं. पुढचं १८५७ आपण शाळेत शिकलोय. वर्षासन म्हणा की तनखा, तो वारशानं जातो की माणसाबरोबर संपतो, हा वाद आपल्याकडे किती महागात पडू शकतो ते तिथे दिसलं.

आता वीस वर्षं पुढे या. १९४८.

ट्राम कधीच बंद झालीय. इंग्रज गेलेत, पण प्रेसमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसते: नोटांवर अजूनही सहावा जॉर्जच आहे. अशोकस्तंभाची पहिली एक रुपयाची नोट यायला १९४९ साल उजाडणार आहे. तिकिटांवर मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच तिरंगा आणि 'जय हिंद' छापून झाला. देश स्वतंत्र झाला तरी ब्लॉक बदलायला वेळ लागतो.

या वर्षात संस्थानं विरघळताहेत. नाशिक जिल्ह्यातच सुरगाणा आहे, तिथले राजे देशमुख. पलीकडे जव्हारचे मुकणे. दक्षिणेत सांगली, मिरज, औंध, फलटण. औंधच्या भवानरावांनी तर १९३९ मध्येच लोकांच्या हाती सत्ता दिली होती, त्यांना विलीनीकरण शिकवायची गरज नव्हती. बाकीच्यांना पटेल आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन समजावताहेत, आणि समजावण्याच्या मेजावर राज्याच्या बदल्यात द्यायच्या तनख्याचं एक कोष्टक आहे. डिसेंबर १९४७ मध्ये कटक आणि नागपूरच्या बैठकांत पूर्वेकडच्या संस्थानिकांसाठी ठरलं ते असं: संस्थानाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, पाच लाखांवरच्या रकमेवर साडेसात टक्के, आणि काही झालं तरी १० लाखांच्या वर नाही. सहा लाख उत्पन्नाचं संस्थान असेल तर मांडा: १५ हजार, अधिक ४० हजार, अधिक साडेसात हजार. एकूण साडेबासष्ट हजार. राज्य मोठं तसा राजाचा वाटा टक्क्यानं लहान. आयकराच्या पायऱ्या उलट्या लावल्यासारखा हा हिशोब आहे, आणि मला विचाराल तर त्यात मेननांची हुशारी दिसते.

बड्यांना मर्यादा लावता आली नाही. बडोद्याला साडेसव्वीस लाख, म्हैसूरला २६ लाख, ग्वाल्हेरला २५ लाख. कोल्हापूर १० लाखांवर थांबलं. बड्यांचं जादाचं पुढच्या पिढीला मिळणार नव्हतं: १९६१ मध्ये जिवाजीराव गेल्यावर ग्वाल्हेरचा तनखा १० लाखांवर आला. आणि यादीच्या अगदी तळाला सौराष्ट्रातलं कटोडिया. त्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये, म्हणजे महिन्याला सोळा. प्रेसमधला साधा कामगारही त्याला उसने पैसे देऊ शकला असता.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. संस्थानांकडून रोकड आणि गुंतवणूक मिळून ७७ कोटी रुपये हिंदुस्थान सरकारकडे आले, असा हिशोब मेनन सांगतात. रेल्वे, जमिनी, इमारती वेगळ्या. १२ ऑक्टोबर १९४९ रोजी पटेल घटना समितीत उभे राहिले तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की रक्त न सांडता झालेल्या क्रांतीची ही किंमत फार नाही, आणि दिलेला शब्द पाळला पाहिजे. त्या गॅलरीत बसून हे भाषण ऐकलंत तर मान डोलवाल. मग घरी येऊन कागद-पेन्सिल घ्या. वर्षाला साधारण पाच कोटी तनखे धरले तर ७७ कोटींची रोकड पंधरा-सोळा वर्षांत फिटते. आणि मुळात ती रोकड तरी कुणाची? कोल्हापूरच्या उसाची, बडोद्याच्या कापसाची, ग्वाल्हेरच्या गव्हाची. रयतेच्या साऱ्यातून साठलेला पैसा राजानं सरकारला दिला आणि सरकारनं रयतेच्या करातून राजाला परत दिला. दोन्ही वेळा सही रयतेची नव्हती.

राज्यघटनेचं तेव्हाचं २९१वं कलम उघडा. तनख्याची रक्कम भारताच्या एकत्रित निधीवर 'प्रभारित' असेल आणि तिच्यावर कोणताही प्राप्तिकर बसणार नाही. करमाफी लगेच डोळ्यांत भरते. खरी गोम 'प्रभारित' या रूक्ष शब्दात आहे. अंदाजपत्रकातला एरवीचा खर्च लोकसभेपुढे मागणी म्हणून येतो. सभासद तो कापू शकतात, फेटाळू शकतात. प्रभारित खर्चावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार अशाच वर्गात येतात, आणि ते योग्यच आहे. न्यायाधीशाच्या पगाराला कुणी कात्री दाखवू नये. पण त्याच पंगतीत २७९ संस्थानिक जेवायला बसले.

आता तुम्हाला पुन्हा नाशिक रोडला आणतो. शनिवार, ५ सप्टेंबर १९७०. गणपती बसलेत. पाऊस मधूनच येतो. स्टेशनाजवळच्या हॉटेलात पाळी सुटलेले प्रेस कामगार शिरलेत, मिसळीच्या तर्रीचा ठसका बाहेरपर्यंत येतोय, आणि काउंटरवरचा रेडिओ मोठा केलाय. कोपऱ्यातल्या बाकड्यावर सरकून बसा.

बातमी अशी: तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास झालं होतं, आज राज्यसभेत पडलं. बाजूनं १४९, विरुद्ध ७५.

"दुप्पट मतं पडली तरी पडलं?" पोऱ्या टेबल पुसता पुसता विचारतो.

"दुप्पट कुठं? पंचाहत्तर दुणे दीडशे," हिशोबखात्यातले एक चष्मेवाले काका म्हणतात. "दोन तृतीयांश लागतात रे बाबा. दोनशे चोवीस मतं झाली, त्याचे दोन तृतीयांश एकशे एकोणपन्नास पूर्णांक एक तृतीयांश."

"म्हणजे एका माणसाच्या तिसऱ्या हिश्शानं पडलं?"

"तेच तर. तिसरा हिस्सा आणणार कुठून?"

हॉटेल हसतं. हसणं ओसरल्यावर काका मिसळीच्या बशीखालचा वर्तमानपत्राचा तुकडा ओढतात आणि त्याच्या कडेला आकडे मांडतात. सगळ्या तनख्यांचे मिळून वर्षाला ४ कोटी ८० लाख. माणसं पंचावन्न कोटी धरा. दरडोई पावणेनऊ पैसे, वर्षाला. "आपण छापतो ते पोस्टकार्ड दहा पैशाला आहे," ते म्हणतात. "एका कार्डापेक्षा स्वस्तात पडतात सगळे महाराजे. दारावर लाल पाटीची गाडी, पहारा, तोफांची सलामी धरून."

"मग कशाला इतका आरडाओरडा करतात दिल्लीत? यशवंतराव तर आपल्या नाशकातून बिनविरोध निवडून गेलेले, त्यांना नाही कळत पावणेनऊ पैसे?"

खरं आहे, १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. १९६७ मध्ये काँग्रेसनं तनखे बंद करण्याचा ठराव केला आणि संस्थानिकांशी बोलणी करायचं काम गृहमंत्री म्हणून त्यांच्याकडे आलं. ती वर्षानुवर्षं चालली, काही जमलं नाही. आज ते अर्थमंत्री आहेत, म्हणजे तनख्यांचे पैसे ज्या तिजोरीतून जातात तिच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आहेत.

उत्तर त्या बाकड्यावरून येत नाही, दाराशी उभ्या असलेल्या युनियनच्या तरुणाकडून येतं. "काका, पैसे किती ते सोडा. आपला पगार, आपला महागाई भत्ता, हे सगळं लोकसभेत मागणी म्हणून जातं. तिथे कुणीही उठून विचारू शकतो की प्रेसवाल्यांना इतके कशाला. विचारतातही. महाराजांबद्दल कुणी विचारलं तर मत घेताच येत नाही. घटनेतच तसं आहे. म्हणून घटना बदलायला निघालेत."

काका कागद चुरगळत नाहीत. तुकडा नीट घडी घालून खिशात ठेवतात. त्यांना अजून पावणेनऊ पैशांचं आश्चर्य वाटतंय, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं. या तनख्यांविरुद्ध सगळ्यात लंगडा मुद्दा कुठला असेल तर तो 'देश भिकेला लागला' हा. तरुणाचा मुद्दा पक्का होता, पण भाषणांत लोक ऐकायचे ते लंगडाच.

दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, सरकारनं घटना न बदलताच काम उरकलं. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींच्या सहीनं आदेश निघाले: या साऱ्या राजांची 'राजे' म्हणून मान्यता रद्द. राजेच नाहीत, मग तनखा कुणाला? ही चलाखी होती, आणि ती चलाखीच म्हणायला हवी. संसदेत हरलेली गोष्ट एका आदेशानं जिंकायची ठरली तर उद्या ते कुणाच्या पेन्शनबाबतही करता येईल. जिवाजीरावांचे चिरंजीव माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले, वकील नानी पालखीवाला. अकरा न्यायाधीशांच्या पीठानं १५ डिसेंबर १९७० रोजी, नऊ विरुद्ध दोन, आदेश रद्द केले. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश हिदायतुल्ला, शिकले नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, आणि दुसऱ्याच दिवशी निवृत्त व्हायचे होते. तारखेकडेही बघा: सरदार पटेल गेले त्याला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती.

पटेलांचा शब्द न्यायालयानं वाचवला, तो जेमतेम वर्षभर. बारा दिवसांत इंदिरा गांधींनी लोकसभा बरखास्त करवली, निवडणुका प्रचंड बहुमतानं जिंकल्या.

आता थेट डिसेंबर १९७१ मध्ये उतरा. सांभाळून, युद्ध चालू आहे. देवळालीत तोफखान्याचं केंद्र, ओझरला मिगचा कारखाना, त्यामुळे नाशिक रोडच्या लोकांना युद्ध पेपरात वाचावं लागत नाही. टपालकचेरीच्या खिडकीशी रांगेत उभे राहा. पाकीट पाठवायचंय? नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावा, १५ नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे. नीट बघा त्याच्याकडे. मूळ तिकीट कुटुंबनियोजनाचं, आई, बाप आणि दोन मुलांचं. त्यावर काळ्या शाईत दुसरी छपाई: 'शरणार्थी सहायता'. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी हा कर आहे, आणि छपाई नाशिक रोडचीच. त्रेचाळीस वर्षांपूर्वी राजाच्या डोक्यावर ग्वाल्हेर छापणाऱ्या प्रेसनं आता सुखी चौकोनी कुटुंबावर निर्वासित छापलेत.

रांगेत कुरकुर फारशी नाही. पाच पैसे कशाचे ते तिकिटावरच लिहिलंय, लावणाऱ्याला वाचता येतं. वर्षाला दोन पत्रं टाकणारा माणूससुद्धा तनख्यांपेक्षा जास्त इथे देतोय आणि त्याला ते ठाऊक आहे. पावणेनऊ पैसे मात्र वीस-बावीस वर्षं काडीपेटीच्या, साखरेच्या, कापडाच्या करातून असेच गेले. कुणीही ते तिकीट म्हणून हातात धरून बघितलं नाही.

त्याच महिन्यात संसदेनं सव्विसावी घटनादुरुस्ती केली, २८ डिसेंबर १९७१ पासून ती लागू झाली. २९१वं कलम गेलं. तोफांची सलामी गेली, लाल पाट्या गेल्या. कटोडियाचे सोळा रुपयेही गेले.

इथून एक लांब उडी मारू, लंडनला, कारण तिथे हाच खेळ अजून चालू आहे आणि जास्त सफाईनं. तिसऱ्या जॉर्जनं १७६० मध्ये राजघराण्याच्या जमिनींचं उत्पन्न संसदेला दिलं आणि बदल्यात नेमणूक घेतली. मेननांच्या कोष्टकाचे आजोबा हे. २०१२ पासून ती नेमणूक 'सॉव्हरिन ग्रँट' झाली: क्राउन इस्टेट नावाच्या जमीनजुमल्याच्या नफ्याशी टक्क्यानं बांधलेली रक्कम. आधी १५ टक्के, २०१७ पासून बकिंगहॅम राजवाड्याच्या डागडुजीसाठी २५, आता १२. समुद्रातल्या पवनचक्क्यांनी नफा फुगवला, म्हणून टक्का कमी करूनही २०२५-२६ ची रक्कम १३ कोटी २१ लाख पौंड झाली. पोलिस बंदोबस्त यात धरलेला नाही. राजवाड्याचे लोक म्हणतात, हा करदात्यांचा पैसा नव्हेच, इस्टेटीच्या नफ्यातला भाग आहे. पण तो नफा सरकारी तिजोरीत जातो. त्यातून काढलेला पौंड दवाखान्याला मिळत नाही. आमच्या चष्मेवाल्या काकांना मिसळीच्या बशीखालच्या कागदावर हे दोन मिनिटांत सोडवता आलं असतं. वर खासगी उत्पन्नावर राणी एलिझाबेथ १९९३ पासून प्राप्तिकर भरू लागल्या, तो स्वखुशीनं. स्वखुशीचा कर ही सोय नाशिक रोडच्या कुणाला अजून मिळालेली नाही.

आता तुमच्या काळात या. आपले राजे गेले कुठे? फार लांब नाही. ज्या १९७१ मध्ये तनखे गेले त्याच वर्षी माधवराव शिंदे, सव्वीस वर्षांचे, गुण्याहून लोकसभेत निवडून आले. पुढे रेल्वे राज्यमंत्री झाले आणि नाशिक रोडवरून जाणाऱ्या गाड्या त्यांच्या अखत्यारीत आल्या. २०२४ च्या निवडणुकीत गुण्याहून ज्योतिरादित्य शिंदे, कोल्हापूरहून शाहू छत्रपती, साताऱ्याहून उदयनराजे भोसले लोकसभेवर गेले. पक्ष वेगवेगळे, पण पगार एकच, आणि त्यावर आयकर लागतो. मत मागून, हात जोडून मिळवलेला पगार आहे. त्याला तनखा म्हणणं अन्यायाचं होईल.

फक्त एक तपशील बघून घ्या. पूर्वी खासदारांना आपला पगार वाढवायचा तर संसदेत विधेयक आणावं लागे. त्यावर टीका व्हायची, व्यंगचित्रं यायची, वाढवणाऱ्यांना थोडी तरी लाज वाटायची. २०१८ च्या वित्त कायद्यानं ही कटकट मिटवली: दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार पगार आपोआप वाढेल. त्याप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून महिन्याच्या १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले. तशी अधिसूचना मार्च २०२५ मध्ये निघाली. त्यासाठी कुणाला सभागृहात हात वर करावा लागला नाही.